कपाळावरची आठी

2019 च्या जानेवारीतला बुधवार. फजरच्या वजूला बसले होते. कुल्लीसाठी तोंडात पाणी घेतलं आणि ते उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून सरळ दुपट्ट्यावर सांडलं. झोप उडाली नसेल म्हणून पुन्हा घेतलं, पुन्हा सांडलं. तोंड धुताना उजव्या डोळ्यात पाणी गेलं, कारण डोळा मिटलाच नव्हता. आरशात पाहिलं तर चेहऱ्याचा अर्धा भाग माझा होता आणि अर्धा कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. डावीकडे ओठ वर ओढला गेलेला, उजवीकडे खाली लोंबलेला.

हाक मारायला तोंड उघडलं, पण मुलीच्या नावातला ‘ब’ फुटला नाही. हवा नुसतीच फुस्सकन बाहेर गेली.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आधीच जाग्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि तिथल्या तिथे निदान करून टाकलं. “हवा लगी गे तेरे कू. मैं बोली थी ना, खिडकी के पास मत बैठ.” आदल्या रविवारी एका लग्नाहून एसटीने परतताना मी खिडकीपाशी बसले होते, हे खरं. मंगळवारी दिवसभर उजव्या कानामागे ठणकत होतं, हेही खरं. दोन्ही खऱ्या गोष्टी जोडून अम्मींनी तिसरी तयार केली.

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. आरशात मला माझे अब्बा दिसत होते.

अब्बा सोलापूरला शिलाईकाम करायचे. 2008 साली रमजान ईदला थोडेच दिवस उरलेले, दुकानात कपड्यांचा ढीग. एका रात्री तरावीहहून आल्यावर त्यांच्या हातातून पाण्याचा गिलास पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. आम्ही काय केलं? त्यांना झोपवलं. थकलेत, सकाळपर्यंत बरं वाटेल, म्हणालो. सकाळी उजवा हात आणि उजवा पाय उचलेनात. दवाखान्यात नेईपर्यंत दहा तास होऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते अजून कानात आहे : मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आम्ही ते तास अब्बांच्या अंगावर पांघरूण घालण्यात घालवले. त्यानंतर अब्बा तीन वर्षं जगले. मशीन मात्र पुन्हा चाललं नाही.

अशा घरातली मी, तोंड वाकडं झाल्याबरोबर दवाखान्याकडे धावायला हवं होतं. धावले नाही. हात उचलून पाहिला, उचलला. पाय हलवला, हलला. बोलणं बोबडं होतं पण शब्द सापडत होते. त्यावर समाधान मानलं आणि गप्प बसले. खरं कारण भीती हेच होतं. डॉक्टरांनी अब्बांच्याच दुखण्याचं नाव घेतलं तर काय, या विचाराने मी घरातच राहिले. शिकलेली माणसंही असं वागतात, हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

बुधवारी अम्मींनी तेल चोळलं आणि जंगली कबुतराचा शोरबा केला. आमच्याकडे लकव्यावर कबुतर हा जुना इलाज आहे, बऱ्याच घरांत ठाऊक असेल. शेजारच्या एक खाला म्हणाल्या, कबुतराचं रक्त गालाला लावा. अम्मींनीच ते नापाक म्हणून उडवून लावलं. गुरुवारी शेजारच्या गावातल्या मालिश करणाऱ्याकडे नेलं. त्याने गाल असा रगडला की दोन दिवस दुखत होता. शुक्रवारी सकाळी आमच्या हायस्कूलचे विज्ञानाचे सर फोनवर बोलले. मी रजेवर का, हे विचारायला त्यांनी फोन केला होता. माझं बोलणं ऐकून ते थबकले.

“मॅडम, आरशासमोर उभ्या राहा. भुवया वर करा. कपाळाला आठ्या पडतात का?”

पाहिलं. डाव्या बाजूला पडत होत्या. उजवीकडचं कपाळ कोऱ्या पाटीसारखं.

“मग बहुतेक चेहऱ्याच्या शिरेचं आहे, पण हे ठरवणं माझं काम नाही आणि तुमचंही नाही. आजच मिरजेला जा. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा जास्त असतो.”

जुम्याची नमाज होताच आम्ही निघालो. मिरजेत मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी मला हात पुढे धरायला लावले, चालवलं, जीभ बाहेर काढायला लावली, कानात बॅटरी मारून पुरळ तर नाही ना ते पाहिलं, साखर तपासली. मग म्हणाल्या, “बेल्स पाल्सी. मेंदू शाबूत आहे.” हे ऐकून मी रडले. रडताना डावी बाजू रडकी झाली आणि उजवी तशीच राहिली. ह्यांना हसू आवरेना. मला राग आला, पण तो तरी कसा दाखवणार, आठी अर्ध्याच कपाळाला पडत होती.

माझ्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो मी कागदावर लिहून दिला, कारण प-ब-म असलेली वाक्यं बोलायची लाज वाटत होती. अब्बांचं तोंड वाकडं झालं होतं, माझंही झालं. मग दुखणी दोन कशी? बाई चांगल्या होत्या, बाहेर रांग असूनही त्यांनी दोन मिनिटं दिली.

“तुमच्या घरातली वीज गेली तर तुम्ही आधी काय पाहता? शेजाऱ्यांकडे आहे का ते. सगळ्या गल्लीत अंधार असेल तर बिघाड लांब, वीज येते तिथे. फक्त तुमच्याच घरात असेल तर खांबावरून घरात येणारी तार तुटली. अब्बांचा बिघाड वीज येते तिथला होता. तुमची शेवटची तार दबली आहे.”

मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण त्या आठवड्यात मी सरांकडून नववीचं विज्ञानाचं पुस्तक आणि बरंच काही मागवून वाचलं. वाचताना पहिली अडचण शब्दांचीच आली. आपण घरात शीर, नस, रग हे शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि संवेदना नेणाऱ्या धाग्यालाही. ‘नस दबली’ म्हणतो आणि ‘नस कापली’ही म्हणतो, पहिल्यात रक्ताचा संबंध नसतो, दुसऱ्यात असतो. मराठी पाठ्यपुस्तकाने त्या धाग्याला ‘चेता’ हा वेगळा शब्द दिला आहे. उर्दूत ‘असब’ आहे आणि त्याचं अनेकवचन ‘आसाब’. कुणी आसाबवर स्वार झालं, असं आपण म्हणतो, ते हेच आसाब. लकवा या शब्दाचीही तीच गत. अरबी वैद्यकात ‘लक्वा’ म्हणजे फक्त चेहरा वाकडा होणं आणि ‘फालिज’ म्हणजे अर्धं अंग लुळं पडणं. इब्न सीना यांच्या ‘अल-क़ानून’मध्येही या दोहोंची चर्चा वेगवेगळी आहे. आयुर्वेदातही चेहऱ्याच्या दुखण्याला ‘अर्दित’ असं निराळं नाव आहे. आपल्या बोलीत मात्र सगळ्याला एकच लकवा. जुन्यांनी वेगळं काढून ठेवलेलं आपण एका पिशवीत कोंबलं आणि मग दोघांनाही कबुतर पाजत बसलो.

आता मला जे समजलं ते सांगते. मेंदूतून थेट बाहेर पडणाऱ्या चेतांच्या 12 जोड्या आहेत. त्यांतली सातवी जोडी चेहऱ्याची, एक उजवीकडे, एक डावीकडे. हसणं, डोळा मिटणं, ओठ आवळणं, भुवई उचलणं, सगळे हुकूम तिच्यावरूनच येतात. मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागातून ती निघते आणि चेहऱ्यावर यायच्या आधी कानाजवळच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. बोगदा जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. एरवी हाडाचं संरक्षण ही सोयच. पण चेतेला सूज आली की तीच अडचण होते, कारण हाड काही पसरत नाही. सुजलेली चेता स्वतःच्याच घरात चेंगरते. सूज का येते, याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडेही नाही. अंगात सुप्त राहिलेला एखादा विषाणू पुन्हा जागा होत असावा, असा दाट संशय आहे. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायांना हा धोका जास्त. स्कॉटलंडचे सर चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये चेहऱ्याच्या चेतांचं काम मांडलं, म्हणून दुखण्याला त्यांचं नाव.

मग कपाळाची भानगड काय? मेंदूचा डावा अर्धा अंगाच्या उजव्या बाजूला हुकूम देतो आणि उजवा डाव्या बाजूला, हे आपण ऐकलेलं असतं. चेहऱ्याचा खालचा भागही जवळजवळ असाच चालतो. कपाळाचं मात्र वेगळं आहे. प्रत्येक बाजूच्या कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम मिळतो, दोन दोन ठिकाणांहून वीज आल्यासारखा. म्हणून अब्बांच्या मेंदूचा डावा भाग निकामी झाला तेव्हा उजवा ओठ लोंबला, पण कपाळ चालू राहिलं. मला आठवतं, बोलता येत नाही म्हणून चिडले की अब्बांच्या कपाळभर आठ्या पडायच्या, दोन्ही बाजूंना सारख्या. माझी मात्र बोगद्यातली तारच दबली होती. त्या तारेवर मेंदूच्या एका अर्ध्याकडून हुकूम येवो की दोन्हींकडून, पुढे काहीच जाणार नव्हतं. म्हणून कपाळही गेलं.

हाताने गाल चाचपला तर स्पर्श नीट कळत होता, गरम-थंडही कळत होतं. गाल हलत नाही पण बोट लावलेलं समजतं, हे पहिल्या दिवशी मला फार विचित्र वाटलं होतं. कारण साधं निघालं. चेहऱ्यावरचा स्पर्श मेंदूकडे नेणारी चेता पाचवी आहे, सातवी नव्हे. हुकूम आणणारा पोस्टमन आजारी, बातमी नेणारा धडधाकट.

पण हा आजारी पोस्टमन आणखीही छोटी छोटी कामं करत होता, ती तो घरी बसल्यावर कळली. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव याच चेतेच्या एका फाट्यावरून जाते; माझा चहा पत्र्यासारखा लागायला लागला. कानात एका इवल्याशा हाडाला धरून ठेवणारा एक स्नायू असतो, तो मोठा आवाज आला की हाड आवळून धरतो. त्याला हुकूम देणारी चेताही हीच. तो स्नायू ढिला पडला आणि कुकरची शिट्टी, स्टीलचं ताट पडणं, मुलीचं खिदळणं, सगळं उजव्या कानात खिळ्यासारखं घुसू लागलं. डोळा मिटेना, म्हणून दिवसभर थेंब आणि रात्री पापणीवर चिकटपट्टी. मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर सरकून नुसतं पांढरं दिसायचं. माझी दहा वर्षांची मुलगी ते पाहून एकदा दाराआड जाऊन उभी राहिली होती. बरीच समजूत काढावी लागली.

आणि अक्षरं. मराठीत मी वर्षानुवर्षं शिकवते : प फ ब भ म ही ओष्ठ्य व्यंजनं, दोन ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. लहानपणी मदरशात मख़ारिज शिकताना उस्तानींनी बे आणि मीमसाठी ओठ मिटायला, फेसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकायला शिकवलं होतं. ते सगळं तोंडपाठ होतं, पण ओठ मिटणं म्हणजे काय हे आता कळलं. ‘बिस्मिल्लाह’चं पहिलंच अक्षर अडायचं. नमाजमध्ये मी बोटाने उजवा ओठ वर दाबून धरावा का, या विचारात पडले होते. ह्यांनी मशिदीत इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, जसं जमेल तसं पढा. तरीही एकटीनेच, अगदी हळू आवाजात पढायची. मग अब्बा आठवायचे.

अब्बांचं नेमकं उलटं होतं. त्यांचे ओठ बऱ्यापैकी मिटत होते, पण शब्दच सापडत नव्हते. बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात आणि त्यांचा तोच भाग गेला होता. माझं नाव त्यांना घेता येत नव्हतं. पाण्याला पाणी म्हणता येत नव्हतं. पण मगरिबला भाऊ त्यांच्या शेजारी बसून सूरह फातिहा सुरू करायचा आणि अब्बा शेवटपर्यंत बरोबर म्हणायचे, एकही शब्द न चुकता. आम्हाला तो चमत्कार वाटायचा. पुढे वाचनात आलं की शब्द जुळवून नवं वाक्य तयार करणं आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं म्हणणं यांच्या वाटा मेंदूत पूर्ण एक नाहीत. पहिली बंद पडली तरी दुसरी पुष्कळदा चालू राहते. आकडे, आठवड्याचे वार, दुआ अशा माणसांना म्हणता येतात. हे वाचून त्या मगरिबीची किंमत माझ्या लेखी काही कमी झाली नाही. साठ वर्षं रोज पढलेलं कुठेतरी खोल जाऊन बसलं होतं, एवढंच समजलं.

हसण्याचंही तसंच. “हसून दाखवा” म्हटलं की अब्बांचा अर्धाच ओठ हलायचा. पण माझी मुलगी रांगत त्यांच्या चटईवर आली की हसू जवळजवळ सरळ उमटायचं. हुकमाचं हसू आणि मनातून आलेलं हसू मेंदूतून वेगळ्या रस्त्यांनी उतरतात. माझे दोन्ही रस्ते शाबूत होते, पण ते ज्या चौकात येऊन मिळतात त्याच्या पुढचा पूलच पडलेला. त्यामुळे मला कुठलंच हसू येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सूज उतरवायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, शेवटी कमी कमी करत बंद करायच्या. गालाला रगडणं बंद. सूज उतरायला लागली की आरशासमोर बसून हळूहळू व्यायाम. तीन आठवडे घरी राहिले. दहावीच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात अर्ध्या चेहऱ्यानिशी शाळेत गेले.

तिथे मला माझंच एक गुपित कळलं. मी मुलांना कधी मारलेलं नाही, फारशी ओरडतही नाही. मला वाटायचं, आपल्या शिकवण्यात काहीतरी आहे म्हणून वर्ग शांत असतो. तसं काही नव्हतं. माझी उजवी भुवई वर गेली की वर्ग गप्प व्हायचा! ती उठेना आणि मागच्या बाकावर बाजार भरला. दोन पोरं माझ्यासारखं तोंड करून एकमेकांना हजेरी म्हणून दाखवत होती, मी दारातून पाहिलं. काही बोलले नाही. फळ्यावर चेहरा काढला, तिरका, आणि तासभर कपाळ, ओठ, तार, बोगदा सगळं सांगितलं. उर्दूचा तास होता. परीक्षेची तयारी राहिली ती राहिलीच. तास संपल्यावर त्यांतला एक जण मागे थांबला आणि म्हणाला, त्याच्या दादांचं तोंड असंच झालंय आणि घरचे त्यांना झाडफुंक करणाऱ्याकडे नेताहेत. दादांच्या कपाळाला आठ्या पडतात. मी हजेरीपट तसाच टाकून त्याच्या वडिलांना फोन लावला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ओठाचा कोपरा किंचित थरथरला. एप्रिलपर्यंत डोळा मिटायला लागला. चेता नुसती दबली असेल तर लवकर जागी होते; आतून धागे तुटले असतील तर ते नव्याने वाढतात, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणून महिने लागतात. नव्याने वाढताना काही धागे वाट चुकतात आणि ओठाकडे जाणारा पापणीकडे पोचतो. माझं तसंच झालंय. आजही घास चावताना किंवा ‘प’ म्हणताना उजवा डोळा किंचित मिटतो. नव्या मुलांना वाटतं मॅडम डोळा मारतात. पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

अम्मींचं म्हणणं अर्थातच असं की गुण कबुतराचा. त्यांच्याशी वाद घालायला मला एक आकडा सापडला होता : या दुखण्यात दर दहांपैकी सुमारे सात जण काहीही औषध न घेता पूर्ण बरे होतात; वेळेत गोळ्या घेतल्या की हे प्रमाण आणखी वाढतं. म्हणजे दहा जणांना कबुतर पाजलं तर सात जण कबुतराचे गुण गाणारच. अम्मींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तो सात में मैं एक को पिलायी ना.” मी गप्प.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री इशानंतर गल्लीतल्या एका दुकानदार चाचांची सून धावत आली. तोंड वाकडं झालंय, अम्मींना बोलवतेय, तेल द्या म्हणाली. मी चप्पल शोधत होते, तेवढ्यात अम्मी उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीच तिला विचारलं, “हात उठता क्या उनका?” डावा उठत नव्हता. बोलणंही जड झालं होतं. कपाळ पाहायचं कारणच उरलं नव्हतं. ह्यांनी गाडी काढली. तासाभरात चाचा दवाखान्यात होते.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अम्मी दारातच होत्या. मग आत येऊन तेलाची बाटली कपाटात ठेवता ठेवता म्हणाल्या, “अस्पताल से आये बाद शोरबा देंगे. उसमें क्या बिगडता?”